अमावास्येचा रकाना

कचेरीच्या फोनला स्वतःहून उत्तर द्यायला लावायचं म्हटलं, की ती यंत्रणा आधी आपल्यालाच प्रश्न विचारते. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? कोणकोणत्या वारी? कोणत्या तारखा सोडून? पडद्यावरचे रकाने रिकामे नसतात. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, असा एक आठवडा त्यांत आधीच भरलेला असतो. ज्या शहरात तो लिहिला गेला तिथे तो खरा असेल. बऱ्याच कचेऱ्या तो तसाच ठेवतात, आणि मग त्यांच्याकडे फोन करणारी माणसं त्या परक्या आठवड्याशी जुळवून घेत राहतात.

आमची कचेरी निफाड तालुक्यातल्या एका बाजारगावात आहे. पाणबुडी मोटारी, स्टार्टर, केबल, ठिबकचे फिल्टर आणि नळ्या विकायच्या, जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हा व्यवसाय. आठवडी बाजार रविवारी असतो. पंचक्रोशीतली माणसं त्या दिवशी गावात येतात, येताना जळकी मोटार गाडीत टाकून आणतात. त्यामुळे रविवार हा आमचा सर्वांत गर्दीचा दिवस आणि सुट्टी सोमवारी. आमचा बराचसा माल भोसरीहून येतो, आणि पिंपरी-चिंचवडच्या त्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, कारण सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू ठेवण्यापेक्षा विजेचा भार आठवडाभर वाटून देणं सोयीचं होतं. बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. म्हणजे एका टेबलाशी बसून आम्ही तीन निरनिराळे आठवडे जगतो, आणि त्या पडद्यावर मात्र एकच मावतो.

फोन इतकी वर्षं अण्णांनी सांभाळला. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, शेतकरीही. कुणाचा फोन आला, की नाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "लाइट किती वाजता आली?" त्या एका उत्तरावरून त्यांना अर्धा बिघाड कळायचा. लाइट आल्या आल्या मोटार बंद पडली असेल तर एक कारण, दोन तास चालून पडली असेल तर दुसरं. पुढे त्यांना ऐकू कमी येऊ लागलं आणि त्यांनीच मालकांना सांगितलं, की आता यंत्र बसवा. हिशेब आणि कचेरीची व्यवस्था मी पाहते, म्हणून वेळापत्रक भरायचं काम माझ्याकडे आलं. यंत्रणा बसवणारा मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्या वेळा सांगा, दहा मिनिटांत होईल." मी त्याला थांबवलं आणि अण्णांना घरून बोलावून घेतलं.

अण्णांनी पडदा पाहिला आणि म्हणाले, "ताई, कचेरी कधी उघडते ते नका भरू. फोन कधी येतो ते भरा."

या वाक्याने सगळं कामच उलटं झालं. आम्ही दुकानाचं शटर साडेनऊला वर करतो. पण फोन सकाळी सातला येऊ लागतो, कारण मिस्त्री एकदा कुणाच्या मळ्यावर गेला की दिवसभर हाती लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी बारा ते तीन जवळजवळ शांतता. संध्याकाळी डेअरीवर दूध घातलं की पुन्हा रेटा. आणि मग रात्र. अण्णा हे सगळं न अडखळता सांगत गेले. हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्यांच्या कानात होतं, आणि तो कान आता थकला होता. एखाद्या कचेरीतलं असं ज्ञान माणसाबरोबर निघून जातं याचं मला फार वाईट वाटतं. वेळापत्रक भरणं म्हणजे ते निघून जाण्याआधी उतरवून घेण्याची एक संधी असते, आणि ती त्या मुलाच्या दहा मिनिटांत मावत नाही.

ही यंत्रणा आतून कशी विचार करते ते मी त्या मुलाकडून समजून घेतलं. आलेला प्रत्येक फोन एका ओळीने काही फाटकांपाशी थांबतो. पहिलं फाटक सुट्ट्यांचं: आजची तारीख यादीत आहे का? असेल तर सुट्टीचा निरोप. नसेल तर पुढचं फाटक: आज कोणता वार, आता किती वाजले? वेळेत बसत असेल तर माणसाकडे, नाही तर रात्रीच्या निरोपाकडे. क्रम महत्त्वाचा. वेळेचं फाटक आधी ठेवलं तर सुट्टीच्या यादीपर्यंत फोन पोचतच नाही, आणि भर दिवाळीत बंद कचेरीतला फोन वाजत राहतो. आमच्याकडच्या यंत्रणेच्या मुळाशी अॅस्टरिस्क नावाची खुली आज्ञावली आहे. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ती १९९९ मध्ये लिहिली, कारण त्याच्या छोट्याशा कंपनीला टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणं परवडत नव्हतं. आज निफाडच्या बाजारपेठेतली एक कचेरी त्याच्यामुळे फोन घेऊ शकते, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

मग प्रश्न आला तो यंत्र कोणत्या गावच्या वेळेवर चालतं याचा. भाड्याने घेतलेले संगणक बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात, आणि भारत त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. तेवढी एक नोंद राहिली, तर साडेनऊला उघडणारी कचेरी फोनवर दुपारी तीनला उघडते आणि सहाला बंद होणारी रात्री साडेअकराला. सकाळभर फोन करणाऱ्याला वाटतं, दुकान बंद पडलं. मला इथे मुंबईची आठवण होते. १९०६ पासून देशभर भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली स्वतःची वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. शहराच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हाच बारा वाजावेत, असा तो आग्रह होता. त्या माणसांना हेकट म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. मला त्यांचं म्हणणं कळतं.

घड्याळ जुळलं तरी दिवस जुळत नाही. यंत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो. आमच्या माणसांचा वार उजाडल्यावर बदलतो, पंचांगातही तो सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच धरतात. रात्री दोन वाजता मोटार बंद पडलेला शेतकरी म्हणतो, "बुधवारच्या रात्री." यंत्र म्हणतं, गुरुवार. बुधवारच्या रात्रपाळीवर एक मिस्त्री आणि गुरुवारच्या रात्रपाळीवर दुसरा असं लावलं, तर बाराच्या ठोक्याला पहिल्याची पाळी यंत्राच्या लेखी संपते आणि जो घरी निर्धास्त झोपलाय त्याचा फोन वाजतो. म्हणून प्रत्येक रात्रीचे दोन तुकडे करून ते दोन वारांखाली भरावे लागतात: रात्री नऊ ते मध्यरात्र बुधवारात, मध्यरात्र ते सकाळी सात गुरुवारात, आणि दोन्हीपुढे त्याच मिस्त्रीचा क्रमांक. अण्णांनी हे ऐकलं आणि इतकंच म्हणाले, की त्या यंत्राने कधी रात्रीचं पाणी भरलेलं नाही.

आता सुट्ट्या. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि दरवर्षी घालवते.

यंत्रणेत सुट्टी भरताना एक चौकट असते: ही सुट्टी दरवर्षी याच तारखेला. त्या चौकटीत खूण करता येईल असे आपले दिवस मोजके: २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २५ डिसेंबर. बाकी सगळं वर्ष चंद्रावर चालतं. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आली, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. पुढच्या वर्षी ती ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये पुन्हा अधिक महिना, अधिक ज्येष्ठ, आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला. मागच्या वर्षाची यादी पुढे ढकलायची सोय यंत्रात आहे, पण ती आपल्या उपयोगाची नाही. दरवर्षी नवं कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर घ्यायचं आणि पानं उलटत एकेक तारीख हाताने भरायची, याला दुसरा मार्ग नाही. १९७३ पासून ते कॅलेंडर मराठी घरात आहे. माझ्या मते आमच्या फोनच्या वेळापत्रकाचा खरा आधार तेच.

तयार यादी उतरवून घ्यावी तर तिथेही जपावं लागतं. २०२४ मध्ये देशात अनेक ठिकाणी दिवाळी ३१ ऑक्टोबरला झाली, आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. पुढच्याच वर्षी तसंच: उत्तरेत २० ऑक्टोबर, आपल्याकडे २१. परगावच्या कुणी 'भारतातील सुट्ट्या' म्हणून भरून दिलेली यादी घेतली, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, वहीपूजन चालू असताना, फोन खणखणत राहील. राज्य सरकारची यादी जास्त भरवशाची. पण ती यादी परक्राम्य संलेख अधिनियम या १८८१ च्या कायद्याखाली निघते, म्हणजे हुंडी, धनादेश आणि त्यांच्या मुदती डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कायद्याखाली. त्या यादीत पोळा नाही.

पोळा नाही, हे मला कितीही वेळा वाचलं तरी खटकतं. श्रावणी अमावास्येला आमच्याकडे बैल धुतले जातात, शिंगं रंगतात, आणि ज्याच्या दारी आता बैल नाही त्याच्या दारी ट्रॅक्टर धुतला जातो. मळ्यावर त्या दिवशी कुणी खोदत नाही, विहिरीत उतरत नाही, मोटार सोडत नाही. आमच्या मिस्त्रींना त्या दिवशी कामावर बोलावणं मला योग्य वाटत नाही, आणि तसं बोलावलं तरी त्यांना काम देणारा कुणी नसतो. तेव्हा पोळा भरायचाच. २०२४ ला २ सप्टेंबर, २०२५ ला २२ ऑगस्ट. आणि इथेच ते यंत्र अडतं. २०२५ ची ती अमावास्या २२ ऑगस्टला दुपारच्या सुमारास लागली आणि २३ ला दुपारच्या सुमारास संपली. यंत्राला तारीख कळते, वार कळतो, तास-मिनिटं कळतात. तिथी भरायला रकाना नाही.

पोळ्याची अमावास्या वर्षातून एकदा येते, बाकीच्या अमावास्याही आम्हाला सोडवत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजार समित्यांत अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत, जी आता सगळीकडे पाळली जात नाही. जिथे लिलाव नाही तिथला शेतकरी त्या दिवशी घरी, आणि घरी असला म्हणजे महिनाभर राहून गेलेलं काम काढतो: गळकी नळी, चढलेला गंज, तुंबलेला फिल्टर. बाहेरच्या माणसाला वाटेल की अमावास्या म्हणजे मंदीचा दिवस. अण्णा सांगतात, त्या दिवशी सकाळी फोन ठेवायला फुरसत नसायची. म्हणून आमच्या वेळापत्रकात बाकीच्या प्रत्येक अमावास्येला वेगळी नोंद आहे, सुट्टीची नव्हे, तर सकाळच्या फोनवर जास्त माणूस बसवण्याची. सरकारी यादीवर चालणाऱ्या कुठल्याही कचेरीत ही नोंद सापडणार नाही.

यंत्राने काही गोष्टी सुधारल्या, हेही सांगायला हवं. स्वयंचलित एक्स्चेंजचं पहिलं महत्त्वाचं पेटंट १८९१ मध्ये आल्मन स्ट्राउजर नावाच्या कॅन्सस सिटीतल्या एका माणसाला मिळालं. तो अंत्यविधीचं साहित्य आणि व्यवस्था पुरवायचा. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देते, असा त्याचा संशय होता, असं सांगतात. मध्ये माणूसच नको, म्हणून त्याने यंत्र केलं. आमच्याकडे कुणी कुणाची गिऱ्हाइकं पळवली नाहीत, पण मोठ्या बागाईतदाराचा आवाज ओळखीचा असतो आणि दोन एकरवाल्याचा नसतो, एवढा फरक माणसाच्या हातून होतोच. रांगेत मात्र जो आधी आला तो आधी. दोन एकरवाल्याला हे लगेच जाणवलं, आणि मला ते मोलाचं वाटतं.

पण माणसाला जी भीड असते ती यंत्राला नसते. 'कचेरी बंद आहे' हे अण्णांना सांगावं लागलं तर त्यांचा आवाज पडायचा, आणि पुढे ते काहीतरी जोडायचेच: अमक्याकडे विचारा, उद्या सातला करा, तोवर स्टार्टर बंद ठेवा. यंत्र जे भरलं तेच बोलतं. म्हणून त्याच्या तोंडी काय द्यायचं, याचा विचार वेळांच्या विचाराइतकाच लागतो. तयार निरोपात होतं: कृपया कार्यालयीन वेळेत संपर्क करा. या वाक्याचा ऐकणाऱ्याला काडीइतका उपयोग नाही, कारण कार्यालयीन वेळ कोणती हे त्यात नाही. आम्ही ते काढलं. रविवारी रात्रीचा निरोप वेगळा ध्वनिमुद्रित केला, कारण त्याला 'मंगळवारी सकाळी सात वाजता' असं सांगायचं असतं. इतर रात्रींचा वेगळा, सणाचा वेगळा. प्रत्येकात पहिल्या दोन वाक्यांत पुन्हा कधी माणूस भेटेल ते येतं. डोंगराच्या कडेला रेंज धरून उभ्या असलेल्या माणसाच्या फोनची बॅटरी संपायच्या आत त्याला निदान तेवढं मिळावं. आवाज आमच्या कचेरीतल्याच एका मुलीचा आहे. तिची बोली इथली आहे, तिला 'विद्युतप्रवाह' म्हणावं लागू नये म्हणून मी निरोपात 'लाइट' लिहिलं. सगळं मराठीत, आणि द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या उत्तरेकडच्या कामगारांसाठी शेवटी एक वाक्य हिंदीत.

रात्रीच्या निरोपाचं पहिलं वाक्य मात्र वेळेचं नाही. ते असं: डीपीला हात लावू नका.

शेतीच्या पंपांना थ्री फेज लाइट पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन मळ्यावर जातो. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो. गहू, कांदा, हरभरा, सगळ्यांना पाणी याच दिवसांत लागतं. लाइट आली की ऑटोवर ठेवलेल्या शेकडो मोटारी एकदम सुरू होतात, दाब पडतो. तीनपैकी एक फेज गेला, तर उरलेल्या दोहोंवर मोटार जास्त करंट ओढते, तापते, जळते. हे सगळं अंधारात घडतं, आणि त्या वेळी बाराही महिने कष्ट करणारा माणूस स्वतःच डीपीपाशी, म्हणजे रोहित्रापाशी, जातो, फ्यूज टाकून पाहायला. यात माणसं जातात. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून ती बातमी येते. अण्णांनी इतक्या वर्षांत फोनवर सर्वांत जास्त वेळा कुठलं वाक्य उच्चारलं असेल तर हे. ते यंत्राच्या तोंडी पहिलंच असावं, याबद्दल कचेरीत कुणाचंही दुमत नव्हतं.

त्यानंतर ते सांगतं, मोटार बंद पडली असेल तर एक दाबा. एक दाबलं की फोन पाळीवरच्या मिस्त्रीकडे जातो. रात्री तो कुणाच्या मळ्यावर जाणार नाही, हे आम्ही आधीच ठरवलं. फोनवर तो विचारतो, तिन्ही फेजचे बल्ब लागलेत का, मोटारीचा आवाज येतो की नुसता गुंजारव, स्टार्टर गरम आहे का. बहुतेक वेळा त्याचं उत्तर एवढंच असतं, की सकाळपर्यंत काही करू नका. तरीही ते माणसाने सांगितलेलं असतं, आणि थंडीत उभा असलेला माणूस ते ऐकून घरी जातो. प्रत्येक फीडरची पाळी वेगळी, ती मधूनच बदलते, म्हणून रात्रीचा हा मार्ग लाइटच्या वेळापत्रकाशी बांधायचा नाद आम्ही सोडला. तो रोज रात्री खुला असतो.

वेळापत्रकात कुठेच बसणार नाहीत असे दिवसही येतात. ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी, लता मंगेशकर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राज्यात सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. आदल्या आठवड्यात ती कोण भरणार होतं? गावात कुणी गेलं, तर अंत्यविधी होईपर्यंत बाजारपेठ बंद राहते. गोदेला पूर आला, की अर्ध्या गावाचा रस्ताच बंद. अशा दिवसांसाठी यंत्रणेत एक सांकेतिक क्रमांक असतो. फोनवरून तो फिरवला की वेळापत्रक बाजूला राहतं आणि 'बंद'चा निरोप सुरू होतो. त्याचे दोन प्रकार आहेत: एक वेळापत्रकात पुढचा बदल येताच आपोआप सुटणारा, दुसरा आपण सोडवेपर्यंत तसाच राहणारा. मी पहिला घ्यायला लावला. दुःखाच्या गडबडीत क्रमांक पुन्हा फिरवायचं कुणाच्या लक्षात राहील, यावर कचेरीने विसंबू नये. हा क्रमांक मालकांकडे आहे, माझ्याकडे आहे आणि अण्णांकडे आहे. गावात काय झालं हे आमच्याआधी त्यांनाच कळतं, आणि क्रमांक फिरवायला ऐकू यावं लागत नाही.

एक प्रश्न राहिला होता, तो मिस्त्रींनी काढला. काही फोनवर निरोप वाजतो, संपतो, आणि पलीकडून काहीच दाबलं जात नाही. तयार आज्ञावलीत अशा फोनचा शेवट ठरलेला आहे: दहा सेकंद वाट पाहायची आणि तोडायचा. दिवसा आम्ही तो माणसाकडे वळवत होतोच. रात्री काय करायचं? एक मिस्त्री म्हणाला, ताई, खिशात चुकून लागलेले फोन असतात, त्यासाठी उठवू नका. दुसरा म्हणाला, पाण्यात उभा असलेला माणूस बटण कसं दाबेल? बोटं ओली असली, की टचस्क्रीनचा फोन दाद देत नाही. फोन कानाला लावला की पडदा काळा होतो, आणि दुसऱ्या हातात बॅटरी. तो स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्याने हे केलेलं आहे.

मी दुसऱ्याच्या बाजूने बोलले. न दाबणारा माणूस निष्काळजी असेल असं धरण्यापेक्षा त्याचे हात मोकळे नसतील असं धरणं मला बरोबर वाटतं. पण झोप मोडायची ती मिस्त्रींची, माझी नव्हे, म्हणून शेवटचा शब्द त्यांच्यावर सोडला. त्यांनी आपसात बोलून ठरवलं: रब्बीचे महिने, ऑक्टोबर ते मार्च, रात्री दहा सेकंद काहीच दाबलं गेलं नाही तरी फोन पाळीवरच्या माणसाकडे जाईल. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तोडायचा. अट एकच, की ज्याची रात्रपाळी झाली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत एकही फोन जोडायचा नाही, मग समोर कितीही मोठं गिऱ्हाईक असो. मालकांनी ती मान्य केली. प्रत्येक मिस्त्रीच्या नावापुढे सकाळी सात ते दहाचा तो बंद तुकडा मी त्याच दुपारी भरला, एकेका वारासाठी, सगळ्या आठवड्यांचा.